पबवाल्यांना सूट, हार्डवेअरवाल्याला बिल : ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांना खुलं पत्र

मा. अर्थमंत्री महोदया,
सप्रेम नमस्कार.

या एप्रिलपासूनचं माझ्या दुकानाचं बिझनेस रेट्सचं, म्हणजे धंद्याच्या जागेवरच्या कराचं, बिल आलं आहे. ते काउंटरवर समोर ठेवूनच लिहितो आहे. आपल्यामागे कामाचा किती व्याप असेल याची मला जाणीव आहे, आणि हे पत्र आपण वाचणार नाही याचीही. आधी आमच्या खासदारांना रीतसर इंग्रजीत लिहून पाहिलं. 'आपली काळजी मी समजू शकतो' असं उत्तर आलं, खाली छापील सही. तेव्हा आता ज्या भाषेत मला धड भांडता येतं त्या भाषेत लिहितो. चार मराठी माणसं तरी वाचतील.

लेस्टरपासून अर्ध्या तासावरच्या एका बाजाराच्या गावात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. सुटे खिळे, स्क्रू, नळाचे वायसर, कुलपं, रंग, बल्ब, बागेची अवजारं. किल्ल्या बनवून देतो. एकच स्क्रू हवा असेल तर एकच देतो, शंभरची पिशवी गळ्यात मारत नाही. दुकान मी ज्यांच्याकडून घेतलं ते गुजराती काका १९७२ साली इदी अमीनने हाकलल्यावर कंपालाहून आले होते. त्या वेळी २८ हजारांच्या आसपास माणसं या देशात आली. इकडे येऊ नका, अशी जाहिरात लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडाच्या वर्तमानपत्रात दिली होती. लोक तरी आले, दुकानं चालवायला घेतली आणि रात्री उशिरापर्यंत, रविवारीसुद्धा उघडी ठेवली. पुढे त्याच लेस्टरने बेलग्रेव्ह रोडच्या दिवाळीचे फोटो पर्यटनाच्या पत्रकावर छापले. असो. मुद्दा बिलाचा आहे.

आपण आकड्यांच्या माणूस, म्हणून आकडेच देतो. दुकानाचं वर्षाचं भाडं सरकारच्या मते किती यायला हवं, तो आकडा म्हणजे रेटेबल व्हॅल्यू. त्यावर पौंडामागे इतके पेन्स असा कर. माझा आकडा होता १७,२५०, दर ४९.९ पेन्स. २०२४ साली दुकानांना ७५ टक्के सूट होती, मी भरले २,१५२ पौंड. २०२५ च्या एप्रिलमध्ये आपण सूट ४० टक्क्यांवर आणलीत, भरले ५,१६५. मग गेल्या नोव्हेंबरच्या अर्थसंकल्पात आपण सांगितलंत की दुकानांसाठी १९९१ नंतरचे सर्वांत कमी दर आणले आहेत. मी बायकोला हाक मारून टीव्हीसमोर बसवलं. दर खरंच उतरला, ३८.२ पेन्स झाला. मात्र उरलेली ४० टक्के सूट पूर्ण गेली आणि नव्या मूल्यांकनात माझा आकडा १९,५०० झाला. गुणाकार करा, ७,४४९ येतात. वाढ एकदम अंगावर येऊ नये म्हणून यंदा ८०० पौंडांची मर्यादा आहे. म्हणजे यंदा ५,९६५, पुढल्या वर्षी आणखी ८००, त्याच्या पुढल्या वर्षी उरलेसुरले. दर उतरवून बिल चढवायची ही हातचलाखी आमच्या सांगलीच्या आठवडी बाजारातही मी पाहिली नव्हती.

आणि तो १९,५०० आकडा कुठून आला? आधीचं मूल्यांकन एप्रिल २०२१ च्या भावांवर होतं, कोविड चालू असताना. नवं एप्रिल २०२४ च्या भावांवर. म्हणून कागदावर दुकानं महागली. माझ्या डावीकडचं दुकान दोन वर्षं रिकामं आहे, त्याच्या काचेवर कबुतरांनी नक्षी काढली आहे. उजवीकडे व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं दुकान. समोर तीन केशकर्तनालयं, त्यांतल्या दोघांत मी आजवर एकही डोकं कापलं जाताना पाहिलं नाही. गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये देशभरात २६५ ठिकाणी अशा दुकानांवर काळ्या पैशाच्या संशयाने पोलीस गेले होते म्हणे. या रस्त्यावर भाडं वाढलं हे कुणी ठरवलं, त्याने एकदा इथे उभं राहून दाखवावं. हरकत घेता येते, मला माहीत आहे. तपासा, आव्हान द्या, मग अपील करा. तीन पायऱ्या आहेत, आणि दुकान बंद करून त्या चढायला मला वेळ नाही.

पबवाल्यांनीही असाच ओरडा केला. त्यांनी दारांवर पाट्या लावल्या की सत्ताधारी खासदारांना प्रवेश नाही. जानेवारीत त्यांना बिलावर १५ टक्के सूट मिळाली. पब आणि गाण्याबजावण्याच्या जागा, एवढ्यांनाच. त्यांचं अभिनंदन, मलाही अर्धा पाइंट आवडतो. पण आम्ही काय करायचं? माझ्या दुकानात बंदी घालायची तर आधी खासदार यायला हवेत. निवडणुकीच्या वेळी एक उमेदवार आले होते. माझाच हातोडा हातात धरून फोटो काढला आणि हातोडा परत ठेवून गेले.

२०२४ च्या जाहीरनाम्यात आपल्या पक्षाने लिहिलं होतं की बिझनेस रेट्सची पद्धतच बदलू, ऑनलाइन धेंडं आणि बाजारपेठेतली दुकानं यांना एका पातळीवर आणू. बदललंत काय? पेन्स. पाच लाखांवर मूल्य असलेल्या जागांना ५०.८ पेन्स लावलेत, त्यात त्यांची गोदामं आली, हे मान्य. पण हमरस्त्याकडेच्या गोदामाचं चौरस मीटरमागचं मूल्य बाजारपेठेतल्या दुकानाच्या पासंगाला पुरत नाही. आणि त्याच ५०.८ मध्ये शहरांतली मोठी दुकानंही सापडली, सुक्याबरोबर ओलं जळावं तशी. २००७ च्या सुमाराला इथे शंभर पौंडांच्या किरकोळ खरेदीतले तीनचार ऑनलाइन जात, आता सत्तावीसच्या आसपास जातात. ते गिऱ्हाइकांच्या मर्जीने गेले हे मलाही कळतं. माझ्याकडे येऊन कुठला प्लग बसेल ते विचारतात, डब्याचा फोटो काढतात, 'थँक यू, लव्ह' म्हणतात आणि बसथांब्यावरून मागवतात. त्यांना मी काय बोलणार? त्यांच्याही खिशात पैसे नाहीत. परदेशातून १३५ पौंडांच्या आतलं पार्सल आलं तर त्यावर सीमाशुल्क नाही, ही सवलत मात्र मर्जीची गोष्ट नाही, ती आपली आहे. ती काढायचं आपण ठरवलंत, मार्च २०२९ पर्यंत. शीन आणि टेमू या स्वस्त मालाच्या ऑनलाइन दुकानांना तीन वर्षांची उसंत, आणि माझी सूट वर्षभरात साफ.

मोठी दुकानं गेली तेव्हा लोक म्हणायचे, आता तुमची चांदी. वूलवर्थ्सचं शेवटचं दुकान ६ जानेवारी २००९ ला बंद झालं, आठशेच्या आसपास दुकानं आणि २७ हजार नोकऱ्या गेल्या. २०१६ साली बीएचएस गेलं, आदल्याच वर्षी ते एका पौंडाला विकलं होतं. एका पौंडात माझ्याकडे बरी किल्लीही बनत नाही. डेबनहॅम्स १७७८ सालचं, त्याचं नाव साडेपाच कोटी पौंडांना एका ऑनलाइन कंपनीने घेतलं, दुकानं आणि माणसं रस्त्यावर. गेल्या वर्षी त्या कंपनीने स्वतःचंच नाव डेबनहॅम्स ठेवलं. डब्ल्यूएचस्मिथच्या पाट्या काढून टीजीजोन्स लावल्या, आणि असा कुणी जोन्स कधी होऊन गेलेलाच नाही. २०२३ साली विल्को बुडालं तेव्हा मला खरोखर वाटलं होतं की बरं झालं. बादल्या, ब्रश, रंग, सगळं तेच विकायचे. १९३० साली लेस्टरमध्ये सुरू झालेलं दुकान, शेवटी चारशे शाखा. दोनतीन महिने माझा गल्ला वाढलाही. मग आमच्या बाजारपेठेत येणाऱ्या म्हाताऱ्या बायका यायच्याच थांबल्या. त्या विल्कोसाठी यायच्या आणि जाता जाता माझ्याकडे. आता मुलाच्या गाडीत बसून गावाबाहेरच्या रिटेल पार्कला जातात, तिथे गाडी फुकट लावता येते. आमच्या रस्त्यावर तासाला पैसे पडतात.

उपाय झाले नाहीत असं नाही, उपायांचा तर सुकाळ आहे. २०११ साली टीव्हीवरच्या दुकानतज्ज्ञ मेरी पोर्टास बाईंनी सरकारला २८ शिफारशी दिल्या. त्यातून १२ गावांना मिळून १२ लाख पौंड मिळाले. पुढे ७२ ठिकाणांना ८३ कोटी १० लाख पौंड वाटले. आमच्याही पदरात कुठलासा निधी पडला. त्यातून फरशी बदलली, बाक आले, दिव्याच्या खांबांना फुलांच्या परड्या लटकल्या. काम चाललं तेव्हा उन्हाळाभर माझ्या दारासमोर कुंपण होतं, दुकान उघडं आहे असा कागद मी स्वतः त्यावर चिकटवायचो. आता बाक छान आहेत. बसून बंद दुकानं बघता येतात.

गावातली शेवटची बँक गेली, देशात २०१५ पासून सहा हजारांवर शाखा गेल्या. आता सुट्टे पैसे भरायला बसने शेजारच्या गावात जातो, चिल्लरच्या पिशव्या मांडीवर घेऊन. चोऱ्यांचं तर विचारूच नका. २०२४ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिसांनी नोंदलेल्या दुकानचोऱ्या पाच लाखांवर गेल्या, आणि माझ्या त्यात नाहीत, कारण मी नोंदवणं सोडलं. बॅटरी आणि ड्रिलचे संच आता काउंटरमागे कुलपात असतात.

खरं सांगू का बाई, हे सगळं माझ्या बायकोच्या पगारावर चाललं आहे. ती एका केअर होममध्ये रात्रपाळी करते. सकाळी ती घरी येते तेव्हा मी शटर उघडायला निघालेला असतो, जिन्यात आमची भेट होते. मदतीला एक मुलगा होता, त्याचे तास कमी करत करत तो शनिवारपुरता उरला आहे. किमान वेतन तासाला १२.७१ पौंड झालं याबद्दल माझी तक्रार नाही, त्याला ते मिळायलाच हवं. मालकाने भरायच्या राष्ट्रीय विम्याच्या वाढीचा फटकाही मला बसला नाही, एका माणसाच्या मालकाला तुमची सूट पुरते. पण स्वतःची कमाई मी तासांनी भागली तर मला कामावर ठेवल्याबद्दल माझ्यावरच खटला भरावा लागेल. पुतण्याच्या लग्नाला सांगलीला गेलो नाही. दादाला सांगितलं, हंगाम आहे. कसला हंगाम! पाठीचं दुखणं आहे, स्पेशालिस्टच्या यादीत नाव आहे, आणि ती यादी तर तुमच्या सरकारच्या यादीतला वेगळाच विषय. मुलगी मँचेस्टरहून फोनवर म्हणते, बाबा, विकून टाका. कुणाला विकू? चौकशी एकदाच आली, व्हेपवाल्याची.

आणि हे एकट्या आपलं पाप आहे असंही नाही. हा कर आजच्या रूपात १९९० साली आला तेव्हा पंतप्रधान कोण होत्या? थॅचरबाई, ग्रँथमच्या किराणा दुकानदाराची मुलगी. पुढे ऋषी सुनक आले, त्यांच्या आई साउदॅम्प्टनमध्ये औषधांचं दुकान चालवायच्या. भाषणात दुकान, घरात दुकान, आणि कायद्यात दुकानदाराला ठेंगा. २०२२ या एका वर्षात या देशाला चार अर्थमंत्री मिळाले. ऑनलाइन विक्रीवर कर लावावा का, यावर त्याच वर्षी लोकांची मतं मागवली आणि नोव्हेंबरात विषय गुंडाळला. निळे हुजूरवाले गेले, लाल मजूरवाले आले, माझ्या बिलाचं पाकीट तसंच तपकिरी. तिकडे सांगलीत दादा म्हणतो, आमच्याकडे पण आता दहा मिनिटांत कोथिंबीर घरी येते, पेठेतले वाणी माश्या मारतात. त्याला म्हटलं, इथे माश्यासुद्धा रिटेल पार्कला गेल्या.

माझा भाडेकरार २०२१ चा, दहा वर्षांचा. पाचव्या वर्षी भाड्याचा फेरविचार आणि तो फक्त वरच्या दिशेने. अशा कलमांवर आपलं सरकार बंदी आणणार हे वाचून आनंद झाला, ती नव्या करारांना आहे हे पुढच्या ओळीत वाचलं. घरमालक म्हणजे कुठलासा गुंतवणूक निधी, त्याचा चेहरा मी पाहिलेला नाही. यंदा त्याने भाडं वाढवलं.

करार मध्येच सोडायची एक संधी आहे, त्याची नोटीस सप्टेंबरपर्यंत द्यावी लागते. आपली पुढची सूट, पुढचा निधी किंवा पुढची समिती दुकानांसाठी काही करणार असेल तर ऑगस्टपर्यंत कळवा. सप्टेंबरनंतर कळवू नका, माझा पत्ता बदललेला असेल.

आपला,
मिडलंड्समधला एक हार्डवेअरवाला
(मूळ गाव सांगली)