गाण्याबद्दल थोडं, बाकी उगंच

मनू,

परवा फोन ठेवल्यापासून लिहायचं म्हणतोय. तू म्हणालीस, बाबा, हार्डडिस्कवर एवढी गाणी आहेत पण तीच दहा लावते, आता तर काही ऐकावंसंच वाटत नाही. सहज म्हणालीस, मला कळतंय. लगेच ऑफिसचं सांगायला लागलीस. पण ते शेवटचं वाक्य काय डोक्यातून जाईना. आणि 'लावते' म्हणालीस. इथं कोल्हापुरात असताना 'लावतो' म्हणायचीस, गल्लीतल्या सगळ्या पोरींसारखं. पुण्यात हसत असतील कुणी, असू दे.

मला गाण्याचं तेवढं कळतं, म्हणून गाण्याचंच लिहितो.

मी बसून हिशोब केला. चाळीस हजार गाणी, एकाला ५ मिनिटं धरली तरी न झोपता १३९ दिवस लागतात. समोर अख्खं पातेलं आणून ठेवलं की भूक मरते, मग तांबडा रस्सा का असेना. तुझं तसंच झालं असेल. तेवढंच झालंय ना? झोप लागते ना नीट?

तुला २०१९ चा पूर आठवतो की. रेकॉर्डींचे खालचे दोन कप्पे पाण्यात गेले, कव्हरांचा लगदा झाला, लेबलं चिखलानं अशी डागाळली की कोण गातंय ते वाचता येईना. मी सगळं भंगारात द्यायला निघालो होतो, अक्कापण द्या म्हणाली. तू अकरावीला होतीस, मोरीत पाट टाकून बसलीस आणि चौतीस रेकॉर्डी धुतल्यास, साबणाचे दोन थेंब टाकलेलं पाणी, आजोबांच्या जुन्या धोतराचा तुकडा, खाचांच्या दिशेनंच फिरवायचा, आडवा नाही, आणि शेवटी गॅरेजमधनं आणलेलं बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी. वाळवायला उन्हात ठेवू दिल्या नाहीस, वाकतात म्हणून भांड्याच्या रॅकमध्ये उभ्या लावल्यास, दोन दिवस आईला ताटं ठेवायला जागा नव्हती. ही तू. तेव्हा मी काही बोललो नाही, पण दुकानात चार जणांना सांगितलं होतं.

त्या चौतीस अजून ब्राऊन पेपरमध्येच आहेत, वर काही लिहिलेलं नाही. रविवारी त्यातली डावीकडची पहिली काढायची, सुई ठेवेपर्यंत काय निघणार माहीत नसतं. एकदा नाट्यगीत धरून बसलो तर शहनाई निघाली, आई चहा घेऊन आली ती तिथंच उभी राहिली. अख्खी बाजू ऐकायची, आवडो न आवडो, मग ती उजव्या टोकाला सरकवायची. त्यामुळं एकच रेकॉर्ड सारखी हातात येत नाही आणि कुठलीच मागं पडत नाही. तुला नावं लिहून ठेवायची होती, मी लिहू दिली नाहीत, त्यावरनं आपलं वाजलंपण होतं. आता कळलं का कशाला?

हार्डडिस्कवर पण होतंय की. एक फोल्डर कर 'झालेलं' नावाचं, ऐकलं की तिकडं टाक. शोधून लावायचं नाही, पुढचं येईल ते. सकाळचे राग सकाळी, मल्हार पावसात. आणि दुसरी कॉपी करून ठेव, डिस्क सांगून बंद पडत नाही. हेडफोन काढ, खोलीत मोठ्यानं लाव, शेजारचं कोणीतरी डोकावेल तरी. संध्याकाळी खोलीवर आल्यावर एकटीनं लाईट न लावता बसू नकोस. हे गाण्याचं नाही झालं. लेक्चर झालं. सॉरी बाळा.

आजोबा केसरबाई केरकरांची भैरवी लावायचे ती आठवते? देवल क्लबातनं गाणं ऐकून रात्री सायकलवरनं यायचे आणि तेवढी एक ऐकून झोपायचे. केसरबाई म्हणजे आपल्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते, म्हणून आजोबांना ती भैरवी घरचीच वाटायची. साडेतीन मिनिटांची. १९७७ ला व्हॉयेजर यानातनं अंतराळात जी गाण्यांची तबकडी गेली तिच्यात ती आहे. अख्ख्या पृथ्वीतनं २७ तुकडे निवडले, सगळे मिळून ९० मिनिटं. आणि आपल्याला १३९ दिवसांचं लागतं. ते यान अजून चाललंय, एवढ्या लांब, ऐकणारं कोणी नाही आणि बाईंचा आवाज आपला एकटाच...

जाऊ दे. मी काय लिहायला बसलो होतो.

आई म्हणते तिला सुट्टी काढून ये म्हणून लिहा. मी लिहिणार नव्हतो. कामं असतात, मला माहितीय, हौसेनं घेतलेली नोकरी आहे, तुझ्या पगाराचा आकडा मी अजून लोकांना कमी करून सांगतो, दृष्ट नको म्हणून. पण दोन दिवस ये की.

कांदा-लसूण चटणी ट्रॅव्हल्सनं पाठवलीय, स्वारगेटला गाडी सकाळी सहाला येते, ड्रायव्हरला फोन कर, बरणीचं झाकण ढिलं आहे, आडवी धरू नकोस.

आणि रविवारी साडेदहाला फोन उचल. मी बोलणार नाही, ब्राऊन पेपरमधली पुढची काढून फोन स्पीकरजवळ ठेवणार. ओळखता आली नाही तरी चालेल. अर्ध्यात कट नको करू, बाजू संपेपर्यंत थांब.

बाबा