सोशल वर्क शिकवणारे येतात कुठून, हे कुणी विचारतच नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

प्राध्यापक भरतीवर तुमच्या पेपरात गेले काही दिवस जी पत्रं येतायत ती सगळी वाचली. इंजिनिअरिंगवाले बोलले, सायन्सवाले बोलले, मराठीच्या मास्तरांनी तर नेहमीप्रमाणे दोन-दोन पत्रं लिहिली, पण सोशल वर्कचं कुणी एक अक्षर काढलं नाही, म्हणून म्हटलं आता आपणच बसावं. मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. इथल्या युनिव्हर्सिटीच्या फतेगंजमधल्या सोशल वर्क फॅकल्टीतून ऐंशीच्या दशकात एमएसडब्ल्यू, म्हणजे सोशल वर्कमधलं मास्टर्स, केलं आणि मग रिटायर होईपर्यंत दवाखान्यात मेडिकल सोशल वर्कर होते. शिकवायची नोकरी कधी केली नाही, पण दर वर्षी चार-पाच पोरं फील्डवर्कला माझ्याकडे यायची आणि त्यांच्यामागे त्यांचे सर-मॅडम यायचे, त्यामुळे या शिकवणाऱ्यांना मी इतकी वर्षं बाहेरून बघितलंय, तेही ओपीडीच्या लाइनीत उभी राहून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सोशल वर्क हा नुसता वर्गात बसून शिकायचा विषय नाही. आठवड्यातले दोन दिवस, साधारण पंधरा तास, मुलं दवाखान्यात, बस्तीत, शाळेत, कोर्टात नाहीतर एखाद्या संस्थेत काढतात. मग तिथे काय झालं, कोण काय म्हणालं, आपण काय म्हणालो हे सगळं लिहायचं, त्याला रेकॉर्डिंग म्हणतात, आणि दर आठवड्याला ते घेऊन सुपरवायझर सरांसमोर बसायचं. आमच्या वेळी त्या बसण्याची धास्ती परीक्षेपेक्षा जास्त असायची.

माझंच सांगते. टीबीचा एक पेशंट छोटा उदेपूरकडून यायचा, दोनदा आला आणि मग यायचाच बंद झाला. मी रेकॉर्डिंगमध्ये मोठ्या ऐटीत लिहिलं, पेशंट नॉन-कोऑपरेटिव्ह. मॅडमनी त्यावर लाल रेघ मारली आणि विचारलं, त्याची परतीची बस किती वाजताची? मला माहीत नव्हतं. एका खेपेत त्याची किती दिवसांची मजुरी बुडते? तेही माहीत नव्हतं. मग म्हणाल्या, नॉन-कोऑपरेटिव्ह कोण ते आता परत लिहून आण. या मॅडम मूळच्या सायकॉलॉजीच्या, पण शिकवायला यायच्या आधी बरीच वर्षं वॉर्डात काम केलेल्या, त्यामुळे असले प्रश्न त्यांना पुस्तकात शोधावे लागत नव्हते.

आता ही माणसं मुळात आली कुठून ही गोष्ट मला फार रंजक वाटते, आणि कुणी नीट सांगत नाही. आपल्या देशात सोशल वर्कचं पहिलं कॉलेज १९३६ मध्ये मुंबईत निघालं, सर दोराबजी टाटांच्या नावाचं, आज ज्याला आपण टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणतो तेच. तेव्हा सोशल वर्कमध्ये एमए झालेला माणूस कुठून मिळणार होता, कोर्सच नव्हता ना! म्हणून पहिले डायरेक्टर कोण, तर क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाचे अमेरिकन मिशनरी, जे १९२५ मध्ये मुंबईत आले होते आणि नागपाड्याच्या वस्तीत नेबरहुड हाऊस, म्हणजे तिथल्या लोकांसाठीचं केंद्र, चालवत होते. शिक्षण धर्मशास्त्राचं आणि अनुभव नागपाड्याचा. त्यांच्यानंतर जे. एम. कुमारप्पा आले, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांचे भाऊ. मग पुढे माधव सदाशिव गोरे, हे मूळचे सोशिऑलॉजीचे, हुबळीकडचे, आधी दिल्लीच्या स्कूल ऑफ सोशल वर्कचे प्रिन्सिपल, मग १९६२ पासून १९८२ पर्यंत टिसचे डायरेक्टर आणि नंतर मुंबई विद्यापीठाचे व्हाइस चान्सलर. एवढा मोठा मराठी माणूस, आणि घरच्या चौघांना विचारा, गोरे म्हटल्यावर कोण गोरे म्हणतील. त्यांच्यानंतर टिसला आलेल्या आर्माइती देसाई तर पुढे यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, चेअरमन झाल्या, म्हणजे सोशल वर्क शिकवणारी बाई देशातल्या सगळ्या विद्यापीठांच्या वर बसली होती.

आमचं बडोदंही यात मागे नव्हतं. महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी १९४९ मध्ये झाली, हंसाबेन मेहता पहिल्या व्हाइस चान्सलर, आणि सोशल वर्कची फॅकल्टी जवळजवळ युनिव्हर्सिटीबरोबरच उभी राहिली. इंदूरचं स्कूल ऑफ सोशल वर्क १९५१ चं. म्हणजे मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतायत अशा या दोन गावांत हा विषय पुण्याच्या कर्वे इन्स्टिट्यूटच्या आधीपासून शिकवला जातोय, कर्वे १९६३ ची. पुण्याच्या नातेवाइकांना हे सांगितलं की ते विषय बदलतात, ते जाऊ दे.

आणि शिकवणारा आणायचा कुठून हा प्रश्न बडोद्याला त्याहून जुना आहे. सयाजीराव महाराजांनी अंत्यजांच्या, म्हणजे तेव्हा अस्पृश्य मानलेल्यांच्या, शाळा काढल्या तेव्हा तिथे शिकवायला सवर्ण मास्तर तयार होईनात, मग पंजाबकडून पंडित आत्माराम नावाच्या आर्यसमाजी माणसाला बोलावून त्यांच्या हाती तो कारभार दिला. महाराजांनी बघितलं काय, तर हा माणूस त्या पोरांच्या शेजारी बसेल की नाही.

आता आजचं बघू. लेक्चरर, म्हणजे आता ज्याला असिस्टंट प्रोफेसर म्हणतात, तो व्हायचं तर मास्टर्सला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पास, बस. मध्ये २०१८ च्या नियमात विद्यापीठांसाठी पीएचडी सक्तीची केली होती, ती २०२१ पासून लागू होणार होती, मग २०२३ पर्यंत ढकलली आणि २०२३ च्या जुलैत ती सक्तीच काढून टाकली, या घोळात माझ्या भाचीची तीन वर्षं गेली, ती वेगळीच गोष्ट आहे. नेट म्हणजे तीन तासांत दीडशे प्रश्न, चारातला एक पर्याय निवडायचा, एमसीक्यू म्हणतात ते. ग्रुपवर्कची व्याख्या कुणी केली, अमुक कायदा कुठल्या वर्षीचा, असलं सगळं. पास झालात आणि नंतर पोस्ट मिळाली तर ५७,७०० चा बेसिक. या सगळ्या वाटेत कुठेही कुणी विचारत नाही की बाबा तू कधी कुणाच्या घरी गेलायस का, कुणाचा फॉर्म भरलायस का. पुढे प्रमोशनलाही तेच, पेपर किती, सेमिनार किती, रिफ्रेशर कोर्स किती.

नव्वदच्या दशकात मी स्वतः एका युनिव्हर्सिटीत इंटरव्ह्यू दिला होता, नाव लिहीत नाही. समोर पाच जण बसलेले. दवाखान्यातल्या कामाबद्दल सांगायला लागले तर एकानं मध्येच थांबवून विचारलं, पब्लिकेशन्स किती? म्हटलं एकही नाही, पण केस फायली भरपूर आहेत. हसले सगळे. मीही हसले, काय करणार. घरी येताना सूरसागरवर सेव उसळ खाल्ली आणि तो विषय मिटवून टाकला.

डॉक्टरांचं बघा. मेडिकल कॉलेजचा प्रोफेसर सकाळी ओपीडीत पेशंट तपासतो आणि दुपारी शिकवतो, ज्यानं दहा वर्षं पेशंटला हात लावला नाही असा सर्जरीचा प्रोफेसर आपल्याला चालेल का? मग सोशल वर्कवाल्यांनीच एकदा वर्गात शिरलं की बाहेर का येऊ नये? टिसमध्ये हे करून दाखवलंय लोकांनी. १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस कमिशनरांच्या ऑफिसात बायका-मुलांसाठी स्पेशल सेल सुरू झाला तो टिसनंच सुरू केलेला, आणि १०९८ नंबरची चाइल्डलाइन, म्हणजे मुलांसाठीची हेल्पलाइन, १९९६ मध्ये सुरू करणाऱ्या जेरू बिलिमोरिया तिथे शिकवायच्याच. मेधा पाटकरही काही काळ टिसमध्ये शिकवत होत्या आणि पीएचडी अर्धी टाकून नर्मदेकाठी धरणाविरुद्धच्या आंदोलनात गेल्या. बडोद्यात हे नाव घेतलं की घरातली अर्धी माणसं ताटावरून उठतील हे मला माहितेय, मी त्यांची बाजू घेत नाहीये, एवढंच म्हणतेय की शिकवणाऱ्याचं करिअर असंही असू शकतं.

आमच्या बॅचचं मात्र उलटंच झालं. बडोद्याभोवती रिफायनरी, फर्टिलायझर, अलेम्बिक, सगळे मोठे कारखाने, आणि तेव्हाच्या कारखाना कायद्याच्या ४९ कलमाप्रमाणे ५०० किंवा जास्त कामगार असले की वेल्फेअर ऑफिसर ठेवावाच लागायचा. त्यामुळे वर्गातली हुशार मुलं लेबर वेल्फेअर घेऊन पर्सोनेल ऑफिसर झाली, आमच्या तिप्पट पगार, स्कूटर पण आधी त्यांनीच घेतली. त्यातलेच काही नंतर एचआर शिकवायला परत आले. म्हणजे एचआरच्या बाजूला बाहेरून आलेला माणूस चालतो. कुठल्याही कॉलेजात बघा, कंपनीच्या साहेबाला गेस्ट लेक्चरला बोलावलं तर टॅक्सी पाठवतात, आणि बस्तीत वीस वर्षं काम केलेल्या बाईला बोलावलं तर तिचं रिक्षाभाडं व्हाउचरवर बसत नाही.

यूजीसीनं २०२२ मध्ये प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस म्हणून एक सोय काढली, पंधरा वर्षांचा अनुभव असेल तर डिग्रीची अट नाही, पीएचडी लागत नाही. ऐकायला छान आहे. पण मंजूर जागांच्या दहा टक्क्यांवर नाही, आणि एकूण तीन वर्षं, फार तर चार. म्हणजे पाहुणाच. शिवाय हे सगळे मोठ्या पदावरचे लोक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं दिसतं, आमच्यासारख्या वॉर्डातल्या बायका त्यात कशा बसणार.

बरं, हे सगळं म्हणताना मी नव्या मास्तरांना नावं ठेवतेय असं वाटेल, आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं मी ठेवतच होते. पण रिटायर व्हायच्या आधी दोन-तीन वर्षं एक तरुण सर सुपरवायझर म्हणून यायला लागले, अकरा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर, नेट पास, शर्ट इन केलेला, बोलायला जरा बुजरे. मी मनात म्हटलं, आला आणखी एक एमसीक्यूवाला. एक दिवस दाहोदकडची एक बाई आली, बांधकामावरची, तान्हं पोर आजारी, आणि ती कुणाशी बोलेना. माझ्याकडे फील्डवर्कला आलेली पोरगी गुजरातीत विचारतेय, मी विचारतेय, ती नुसती मान हलवतेय. हे सर खाली उकिडवे बसले आणि तिच्या बोलीत काहीतरी बोलले, पाच मिनिटांत कळलं की मुकादमानं पैसे अडकवलेत, पोराला ॲडमिट केलं तर तिला साइटवरून काढतील, नवरा सुरतेला गेलाय. मग त्यांनीच मुकादमाला फोन लावला, कसं बोलायचं तेही त्यांना बरोबर माहीत. नंतर चहा पिताना विचारलं तर म्हणाले, बेन, माझे आईबाप याच शहरात साइटवर होते, मी बरीच वर्षं वाळूच्या ढिगावर झोपलोय. म्हटलं सर, हे तुम्ही मुलांना सांगता का? म्हणाले, नाही, उगीच कशाला. इंटरव्ह्यूत सांगितलं होतं का? तर म्हणे तिथे कुणी विचारलं नाही आणि बायोडेटात तो कॉलम नसतो.

ते ऐकून मी गप्प झाले. कारण मीही चार वेळा भेटून विचारलं नव्हतं.

आमच्या वेळी शिकवणारे बहुतेक शहरातले, इंग्रजी चांगलं असलेले, बऱ्या घरचे, बस्तीत जायचे ते बाहेरून जायचे. त्यांनी मेहनतीनं सगळं समजून घेतलं, लाल रेघेची गोष्ट वर सांगितलीच. आता शिकवायला येणारी कित्येक मुलं दाहोद-पंचमहालकडची, मराठवाड्यातली, घरात पहिलीच शिकलेली. ज्या आयुष्यावर आपण पेपर लिहितो ते यातले कित्येक जण घरातून जगून आलेत. आणि आपण त्यांना काय करायला लावतो, तर नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, फायली, ॲडमिशनचे फॉर्म, इलेक्शन ड्युटी, आणि दर अकरा महिन्यांनी परत इंटरव्ह्यू. त्यात फील्डला कधी जाणार तो? एकदा एका मुलीनं तिच्या मॅडमना विचारलं की गंगास्वरूपाच्या फॉर्मला, म्हणजे आमच्याकडे विधवांना जी मदत मिळते तिला, कुठले कागद लागतात. मॅडमना येईना, मुलीसमोर मोबाइल काढला. मला राग आला होता तेव्हा, पण त्या बिचारीला कॉलेजनं दोन वर्षांत एकदाही मामलतदार ऑफिसात जायला मोकळी दुपार दिली नव्हती, हे नंतर कळलं.

वकिलांना बार कौन्सिल, नर्सना नर्सिंग कौन्सिल, सगळ्या सोशल वर्कला मिळून देशपातळीवर तसं काही नाही, त्यामुळे हे सगळं ठरवणार कोण तर यूजीसी आणि ज्या त्या विद्यापीठाची सिलेक्शन कमिटी. त्यांनी फार मोठं काही करायची गरज नाही. भरतीच्या वेळी फील्डमधल्या वर्षांना पेपरइतके मार्क द्या. नोकरीत असलेल्या प्रत्येकाला आठवड्यातला एक दिवस कुठल्यातरी दवाखान्यात, पोलीस चौकीत, लेबर नाक्यावर स्वतः काम करायला द्या, मुलांवर लक्ष ठेवायला नव्हे, स्वतःच्या केसेस घ्यायला, आणि तो प्रमोशनला धरा. आणि बायोडेटात एक कॉलम वाढवा, त्यात ज्याला जे लिहावंसं वाटेल ते लिहू दे, कोरा ठेवला तरी चालेल.

तुमच्या पेपरलाही एक विनंती. साहित्यिकांच्या, नटांच्या, खेळाडूंच्या मुलाखती रविवारी वाचतोच आम्ही, एखाद्या रविवारी फतेगंजला नाहीतर इंदूरला वार्ताहर पाठवा आणि तिथल्या सर-मॅडमना विचारा की तुम्ही इथे कसे पोचलात. जुन्यांपैकी जे हयात आहेत त्यांना तर आधी विचारा.

माझ्याकडे त्या लाल रेघांचे रेकॉर्डिंगचे चोपडे अजून आहेत, नावं खोडलेली आहेत त्यामुळे भीती नाही, माळ्यावरच्या ट्रंकेत. मुलगा म्हणतो रद्दीत घाल, मागच्या पावसाळ्यात एका कोपऱ्याला वाळवीही लागली होती, रॉकेल आता मिळत नाही म्हणून कडुनिंबाचा पाला घातलाय. कुठल्या कॉलेजला शिकवायला उपयोगी पडणार असतील तर तुमच्यामार्फत कळवावं, दिवाळीच्या आधी न्यावेत, नंतर रंगकाम काढलंय.

आपली,
एक निवृत्त मेडिकल सोशल वर्कर
दांडिया बाजार, बडोदा