फौजीच्या स्थळाबद्दल मनीषाला पत्र

प्रयाग चिखली, ता. करवीर,
जि. कोल्हापूर
१२ जून

प्रिय मनीषा,

तुझं पत्र आल्यापासून उत्तर मनात घोळतंय. धाकटीला फौजीचं स्थळ आलंय, तू त्यातून गेलीयस, खरं काय ते सांग, असं लिहिलंस. मग खरंच सांगते.

भीती वाटतेच. पण मला सगळ्यात जड जाते ती सुट्टी. वर्षाची ६० दिवस नि कॅज्युअल ३०, तीही तुकड्यातुकड्यानं. हे गोवा एक्सप्रेसनं मिरजेला उतरतात, काळी ट्रंक घेऊन घरी येतात. मागच्या खेपेला पहिल्याच सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणाले, "ग्लास कुठं ठेवलेत?" पाहुण्यानं विचारावं तसं, आपल्याच घरात. मी माझ्या सोयीनं मांडणी बदलली होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही बघ.

पोराचंही तसंच. बाबा समोर बसलेले असतात आणि ओंकार सहलीला जाऊ का म्हणून मला विचारतो. हे काही बोलत नाहीत, उठून गोठ्यात जातात.

पण त्या पोराचा काय दोष? ऑगस्ट २०१९ तुला आठवत असेल. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ वर धोका, हे आमच्या शेंबड्या पोरांनाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी ४३ च्या कितीतरी वर गेलं. हे तेव्हा काश्मीरला, आणि ५ ऑगस्टपासून तिकडचे फोन बंद. इकडं गावात पाणी शिरलेलं. म्हशींची दावी सोडायला गेले तर दोर भिजून गाठी आवळलेल्या, शेवटी विळ्यानं कापल्या. सासूबाईंना आणि चार वर्षांच्या ओंकारला घेऊन माडीवर बसले. विचारायचं कुणाला? जे सुचलं ते केलं. दुसऱ्या दिवशी फौजेची बोट आली. ओंकारला उचलून घेणारा जवान दक्षिणेकडचा होता. मी मोडक्या हिंदीत विचारलं, तुम्ही इथं आहात हे घरी माहीत आहे का? त्यानं नुसती मान हलवली, नाही म्हणून. मला रडू आवरेना. यांचा आवाज ऐकला तो कितीतरी दिवसांनी, युनिटच्या फोनवरून. पहिला शब्द, "म्हशी?" आणि मग बराच वेळ काहीच नाही.

अंबाल्याला क्वार्टर मिळालं होतं ती दोन वर्षं मात्र सोन्यासारखी गेली. रोज संध्याकाळी नवरा घरी येतो, एवढंच सुख, पण ते मी मोजून घेतलंय.

धाकटीला एवढं नक्की सांग, लग्न झालं की पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या दप्तरातली नोंद, लगेच काढून घ्यायची, मूल झालं की त्याचीही. फौजेच्या कागदावर नाव चढलं नाही तर कार्ड नाही, दवाखाना नाही. आणि नवऱ्या मुलाला एकदा समोर बसवून विचारा, तू नसताना तिनं घेतलेला निर्णय तुला पटेल का? यांना पटतो. म्हणून मी नांदले.

ग्लास मी परत जुन्या फळीवर ठेवलेत. गॅसपासून लांब पडतात, पण असू देत. गणपतीला येतो म्हणालेत.

तुझीच,
सुमन