पाठवायचा राहिलेला फोटो

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी याच सदरात एका वाचकाने लिहिलं होतं, की आजारपणाचे सगळे व्हॉट्सॲप ग्रुप बंद करून टाकावेत, तिथे नुसते फुकटचे वैद्य भरलेत. त्यांचा राग समजतो. मी त्याच फुकटच्या वैद्यांपैकी एक. ग्रुप बंद व्हावेत असं मला वाटत नाही, पण तिथे आम्ही कोणत्या तोंडाने बोलतो याबद्दल माझ्याच हातून घडलेलं काही सांगायचं आहे.

ह्यांचं डायलिसिस तिसऱ्या वर्षात आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास. पहिल्या महिन्यात बाहेरच्या बाकावर मी रडवेली बसले होते, तेव्हा शेजारच्या भाभींनी माझा नंबर घेऊन मला किडनीच्या ग्रुपमध्ये घातलं. निम्मा हिंदी, निम्मा मराठी, शे-दीडशे माणसं. तिथे जे शिकले ते मला कोणत्याच कागदावर लिहून मिळालं नव्हतं. फिश्चुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडलेल्या, हातावर रोज सकाळी बोटं ठेवून भुरभुर लागते का बघायचं. त्या हाताला बीपीचा पट्टा बांधू द्यायचा नाही, डायलिसिसखेरीज दुसरी सुईही नाही. बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात भिजवायचा, ते पाणी फेकायचं, मग नव्या पाण्यात उकडायचा, म्हणजे पोटॅशियम थोडं उतरतं. दिवसाचं मोजून दिलेलं पाणी सकाळीच बाटलीत भरून ठेवायचं, आणि फार घसा कोरडा पडला तर बर्फाचा खडा चघळायचा, तोही त्या हिशेबातच धरायचा. आत एसी फार असतो, शाल न्यायची. इंदूरच्या माणसाला पोह्यांवरचं जिरावण आणि शेव सोडायला लावणं किती अवघड असतं, हेही तिथल्याच बायकांना कळतं. डॉक्टरांना वाटतं, मीठ कमी करा म्हटलं की झालं.

आता माझा गुन्हा. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. चूक दिसली की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. मे महिन्यात, इथे पारा चाळिशी ओलांडून गेला होता तेव्हा, देवासकडच्या एका गृहस्थांनी ग्रुपवर टाकलं : रोज दोन शहाळी प्या, आठवड्यात क्रिएटिनिन उतरतं, माझ्या साडूंचं उतरलं. (क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा, किडनी बिघडली की तो साठत जातो.)

एका भरल्या शहाळ्यात ५०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. धडधाकट माणसाची किडनी ते बाहेर टाकते, आमच्या माणसांची टाकत नाही. रक्ताच्या रिपोर्टमध्ये त्याचा आकडा साधारण साडेतीन ते पाच असायला हवा. त्याच्या फार वर गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, थांबूही शकतात. तेव्हा बरोबर कोण होतं हा प्रश्नच नाही, मीच होते. पण मी लिहिलं काय? ‘अर्धवट माहितीवर लोकांचे जीव घेऊ नका. आधी स्वतःचा रिपोर्ट वाचायला शिका.’ पटापट अंगठे आले. कुणीतरी टाळ्या टाकल्या. मी खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. त्या गृहस्थांनी ‘माफ करा ताई’ एवढंच लिहिलं, आणि पुढे ग्रुपवर त्यांचा शब्द नाही.

जूनच्या शेवटी त्यांची मुलगी मला बाकावर भेटली. त्यांचं डायलिसिस तोवर सुरू नव्हतं, नुसती औषधं होती. एका रात्री पाय लुळे पडल्यासारखे झाले, छातीत धडधड, आणि दवाखान्यात पोटॅशियम निघालं ७.१. वाचले. शहाळी त्यांनी थांबवली नव्हती, फक्त ग्रुपवर सांगणं थांबवलं होतं. त्यात कुणीतरी बीपीसाठी चांगलं म्हणून कमी सोडियमचं मीठ आणून दिलं. त्या मिठात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली, तेव्हाही किडनीच्या रुग्णांना त्यातून वगळलं होतं. पण हे देवासच्या स्वयंपाकघरात कोण सांगणार?

मुलगी म्हणाली, ‘‘काकू, बाबांनी मिठाच्या पुडीचा फोटो काढून ठेवला होता ग्रुपवर विचारायला. मग म्हणाले, नको, परत बोलणी खावी लागतील.’’ तिला माहीत नव्हतं बोलणी कुणी घातली होती ते. तिने मोबाईलमधला तो फोटो मला दाखवला. ओट्यावर पुडी, मागे फोडणीचा डबा, आणि मागची बारीक अक्षरं दिसावीत म्हणून पुडी उलटी करून काढलेला दुसरा फोटो. माणूस किती काळजीने विचारणार होता. त्या अक्षरांत पोटॅशियम स्वच्छ लिहिलेलं होतं. मी पाच सेकंदांत सांगितलं असतं.

उद्धट बोलल्याने मन दुखतं वगैरे ठीक आहे, मोठी माणसं आहेत, सोसतील. पण ज्याला आपण झापतो तो आपला उपाय सोडत नाही, तो आपल्याला सांगायचं सोडतो.

दुसरा प्रकार ऑगस्टमधला. एका बाईंनी लिहिलं, डाळ-पनीर कमी करा, किडनीवर ताण येतो. दुसऱ्या बाईंनी लिहिलं, काहीतरी सांगू नका, अंडी खा, प्रोटीन वाढवा, आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय. तीन दिवस जुंपली. ‘तुमचे डॉक्टर नवशिके’पर्यंत मजल गेली, एकीने ग्रुप सोडला. गंमत म्हणजे दोघीही बरोबर होत्या. पहिलीच्या मुलाला डायलिसिस लागलेलं नाही. अशा माणसाला वजनाच्या किलोमागे साधारण ०.६ ते ०.८ ग्रॅम प्रोटीन सांगतात. दुसरीच्या सासूबाई डायलिसिसवर, तिथे प्रोटीन वाहून जातं, म्हणून १ ते १.२ ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला एकीकडे ३६ ते ४८, दुसरीकडे ६० ते ७२ ग्रॅम. नेमका आकडा ज्याचा त्याचा डॉक्टर ठरवतो. दीडशे माणसांत ‘तुमच्याकडे डायलिसिस सुरू आहे का?’ हे एका माणसाने विचारलं नाही. मीही नाही, आणि मी तर गणिताची बाई. समीकरणच वेगळं असताना उत्तरावरून भांडणं चालली होती.

ॲडमिनने मग नियम काढला : चुकीचा सल्ला दिला की ग्रुपमधून बाहेर. मला हा पटला नाही, तसं मी त्यांना फोनवर सांगितलंही. काढलेला माणूस दुसऱ्या ग्रुपमध्ये जातो, जिथे त्याला कुणी अडवत नाही. आणि ‘जाऊ द्या हो, चांगल्या मनाने टाकलंय’ म्हणून शहाळ्याखाली फुलं ठेवणारी मंडळी तर मला माझ्याहूनही धोक्याची वाटतात. चुकीचं ग्रुपवर आलं तर ते ग्रुपवरच खोडायला हवं, कारण बाकीचे दीडशे ते वाचून बसलेले असतात. मी आता पदार्थाबद्दल ग्रुपवर लिहिते आणि माणसाशी फोनवर बोलते. ‘शहाळ्यात पोटॅशियम फार, ह्यांना आमच्या डॉक्टरांनी बंद केलंय’ एवढं सगळ्यांसमोर. ‘तुम्ही’ हा शब्द त्या ओळीत येऊ देत नाही. नंतर फोन : ‘‘दादा, पोटॅशियम किती आलं होतं मागच्या वेळी?’’ बहुतेक वेळा माहीत नसतं. मग रिपोर्ट शोधला जातो.

देवासच्या त्या गृहस्थांनाही मी फोन केला. ती बाई मीच, असं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘‘ताई, तुम्ही खरंच मास्तरीण होता का?’’

मागच्या आठवड्यात ते ग्रुपवर परत दिसले. हिवाळ्यात हातगाड्यांवर कमरख (स्टार फ्रूट) येते, तिचा फोटो. खाली लिहिलेलं, ‘सून चटणी करणार म्हणते, चालेल का?’ कमरख किडनीच्या माणसाला विषासारखी आहे. न थांबणारी उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात, माणूस दगावूही शकतो. मी ‘अहो, इतकं होऊनही’ एवढं टाइप केलं होतं. ते पुसलं, आणि लिहिलं : ‘किडनीच्या कोणत्याही पेशंटला कमरख एक फोडही नको. विचारलंत ते फार बरं केलंत.’ पाच मिनिटांनी उत्तर आलं, चटणी मिक्सरमध्येच होती.

(ग्रुपमधली मंडळी ओळखतील, म्हणून कृपया नाव छापू नये.)

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
लोकमान्य नगर, इंदूर