वाचनालयांत मॅकगॅहर्न हवा

मा. संपादक,

आयरिश कादंबरीकार म्हटला की आपली गाडी जॉइसपाशीच थांबते. खेड्यातल्या वाचकाला जवळचा आहे तो जॉन मॅकगॅहर्न (१९३४-२००६). त्याच्या ‘द डार्क’ या कादंबरीवर १९६५ साली आयर्लंडमध्ये बंदी आली आणि त्याची डब्लिनमधली शिक्षकाची नोकरी गेली. पुढे लीट्रिम परगण्यात गुरे सांभाळत तो लिहीत राहिला. ‘अमंग्स्ट विमेन’मधला (१९९०) मोरन, गवतकापणीला अख्खे घर जुंपणारा हट्टी बाप, वऱ्हाडातल्या कास्तकाराला लगेच ओळखू येईल.

तालुका वाचनालयांनी ‘अमंग्स्ट विमेन’ हीच कादंबरी आधी घ्यावी. ‘द डार्क’ने सुरुवात केल्यास नवा वाचक अडतो, कारण तिथे निवेदन ‘मी’, ‘तू’, ‘तो’ असे बदलत राहते. ती दुसरी द्यावी.

– एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ