प्रेमाने मंत्रचळ जात नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जॉन ग्रीन यांची ‘टर्टल्स ऑल द वे डाउन’ (२०१७) ही किशोरांसाठीची कादंबरी ‘ओसीडी असलेल्या मुलीची प्रेमकथा’ म्हणून ओळखली जाते. २०२४ मध्ये तिच्यावर चित्रपटही आला. (ओसीडी म्हणजे मंत्रचळ : नको ते विचार पुन्हा पुन्हा येणं आणि ते शमवायला तीच ती कृती करत राहणं.) पुस्तक मुलांच्या हाती जरूर द्यावं. पण ‘प्रेमकथा’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात एक अपेक्षा तयार होते : आता तो भेटेल आणि ही बरी होईल. ग्रीन स्वतः ओसीडीसह जगतात आणि त्यांनी नेमकं हेच होऊ दिलेलं नाही. पुस्तकाचं खरं मोल त्यात आहे.

इंडियानापोलिसमधली १६ वर्षांची एझा बोटाच्या पेरात अंगठ्याचं नख रुतवते. जखम उघडते, रक्त पिळून काढते, सॅनिटायझर लावते, नवी पट्टी चिकटवते. घटकाभर जिवाला बरं वाटतं. मग ‘आत काही राहिलं असेल तर?’ हा विचार येतो आणि पट्टी पुन्हा सुटते. तिला भीती सी. डिफ या आतड्याच्या जिवाणूची. हा संसर्ग बहुधा प्रतिजैविकांनंतर किंवा रुग्णालयातल्या मुक्कामात होतो, आणि त्याचे बीजाणू अल्कोहोलच्या सॅनिटायझरने मरतही नाहीत. त्यासाठी साबण-पाण्यानेच हात धुवावे लागतात. तरीही ती सॅनिटायझर तोंडात घालण्यापर्यंत जाते. (हे विष आहे. कुणी गिळलं तर ताबडतोब डॉक्टर गाठावा.) तिला कळत नाही असं नाही. ओसीडी माहितीच्या अभावातून येत नाही, म्हणून माहिती देऊन जातही नाही. प्रत्येक कृतीनंतर मिळणारा तो घटकाभराचा दिलासाच पुढच्या फेरीची गरज पक्की करतो.

कादंबरीतला तिचा प्रियकर डेव्हिस याचं चुंबन घेतल्यावर त्याचे जंतू आपल्यात कायमचे राहतील या विचाराने एझा घेरली जाते. इथेच प्रेम करणारं माणूस सर्वांत मोठी चूक करतं, आणि ती मायेपोटीच करतं. ‘काही होत नाही गं’ असं दहादा सांगायचं, तिच्यासमोर हात धुऊन दाखवायचे, रात्री दोन वाजता ‘खरंच चालेल ना?’ या मेसेजला उत्तर द्यायचं. हा दिलासाही पट्टी बदलण्यासारखाच असतो, फक्त ती दुसऱ्याच्या हाताने बदलली जाते. घरात आई भांडी दुसऱ्यांदा विसळते, तेही तेच. मात्र हे एका दिवसात तोडून टाकू नये; मुलीशी आधी बोलून, ठरवून, एकेक कमी करावं. वाक्यही ठरलेलं असावं : ‘हा प्रश्न ओसीडीचा आहे. मी उत्तर देणार नाही, पण इथे तुझ्याजवळ बसते.’

ज्या उपचाराचा सर्वाधिक उपयोग दिसतो, त्याला ईआरपी म्हणतात : भीतीला सामोरं जायचं आणि नंतरची कृती करायची नाही. आधी मुलीनेच भीतीची शिडी लिहायची, ० ते १०० गुणांची. उदाहरणार्थ, त्याच्या शेजारी बसणं २०, हात धरणं ४०, त्याच्या बाटलीतलं पाणी पिणं ६०, चुंबन ९०. सुरुवात ३०-४० च्या पायरीपासून. हात धरायचा आणि नंतर धुवायचे नाहीत. तीच पायरी रोज, भीतीचा जोर ओसरेपर्यंत किंवा ‘भीती असूनही निभावलं’ असं वाटेपर्यंत. अशी साधारण १२ ते २० सत्रं लागतात. बिघडतं कुठे? भीती शिगेला असताना पळ काढला तर मेंदू पळणंच शिकतो. हात धुतले नाहीत, पण मनातल्या मनात आकडे मोजले किंवा गुपचूप फोनवर लक्षणं शोधली, तर कृती झालीच. आणि एखादी पायरी फक्त ‘तो’ सोबत असतानाच जमत असेल, तर तो स्वतःच नवी पट्टी झालेला असतो.

स्वच्छतेशी संबंध नसलेली ओसीडीही असते. ‘माझं हिच्यावर खरंच प्रेम आहे का?’ या शंकेने दिवसभर स्वतःच्या छातीची धडधड तपासत बसणारी मुलंही असतात. ती कुणाला सांगत नाहीत, कारण ऐकणारा त्याचा वेगळाच अर्थ काढेल ही धास्ती.

औषधांबद्दल थोडक्यात. मुलांसाठी सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, फ्लुवोक्सामिन वापरली जातात, तीही मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच. पूर्ण परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. सुरुवातीच्या आठवड्यांत मुलांच्या मनात आत्महत्येचे विचार येताहेत का, याकडे लक्ष ठेवावं लागतं. एझा गोळ्या नियमित घेत नाही. खऱ्या मुलांचंही हेच होतं. मनाने सुरू करू नये, मनाने बंदही करू नये. ७ ते १७ वयोगटातल्या ११२ मुलांवरच्या २००४ मधल्या अमेरिकी अभ्यासात सर्ट्रालिन आणि वर्तन-उपचार (ईआरपी याच प्रकारातला) दोन्ही मिळालेल्यांपैकी निम्म्याहून थोडी अधिक मुलं लक्षणांतून जवळपास बाहेर आली. केवळ उपचारसत्रांनी सुमारे ३९ टक्के, केवळ गोळीने सुमारे २१ टक्के.

मराठीत ‘मंत्रचळ’ हा शब्द पूर्वीपासून आहे, पण तो टोमणा म्हणून वापरला जातो. दुसरीकडे टापटीप मुलीला कौतुकाने ‘तिला ओसीडी आहे’ म्हणतात. दोन्हींमुळे खरी मुलगी गप्प बसते. हे विचार आणि कृती दिवसाचा तासाभराहून अधिक वेळ खात असतील, किंवा शाळा, झोप, मैत्री बिघडवत असतील, तर तपासणी करून घ्यायला हवी.

आपल्याला एकच विनंती. अशा पुस्तकांवर किंवा चित्रपटांवर लिहिलेला मजकूर छापाल, तेव्हा खाली एका ओळीत टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांकही द्यावा : १४४१६. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, आणि त्यावर मराठीतही बोलता येतं.

आपल्या नम्र,
किशोरवयीन मुलांसोबत काम करणाऱ्या दोन समुपदेशक, पुणे