पदकतालिकेत कांस्यपदकाला किंमत द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

2024च्या पॅरिस ऑलिम्पिकनंतर आपल्याकडे छापून आलेल्या पदकतालिकांत पाकिस्तान 62वा आणि भारत 71वा होता. भारताची पदके सहा: एक रौप्य, पाच कांस्य. पाकिस्तानचे एकच, अर्शद नदीमचे भालाफेकीतले सुवर्ण. नदीमची 92.97 मीटरची फेक नीरज चोप्राच्या 89.45 मीटरहून निर्विवाद सरस होती आणि त्या सुवर्णाचा पूर्ण मान त्याला मिळायलाच हवा. पण एका भालाफेकीवरून दोन देशांच्या अख्ख्या चमूंचा क्रम लावणे हिशेबाला धरून नाही.

याहून बोलका आकडा आपल्या घरचाच आहे. 2016 साली रिओत भारताला एक रौप्य आणि एक कांस्य मिळाले, क्रमांक लागला 67वा. पॅरिसमध्ये रौप्य तेवढेच राहिले, कांस्य एकाची पाच झाली, आणि क्रमांक 71वर घसरला. आपली कामगिरी काही खालावली नव्हती. किमान एक सुवर्ण मिळवणारे देश रिओत 59 होते, पॅरिसमध्ये 63 झाले. ते चार वाढले, आपण बरोबर चार पायऱ्या उतरलो.

आधी सुवर्णपदके मोजायची, ती सारखी असतील तरच रौप्य पाहायचे आणि तेही सारखे असेल तरच कांस्य, ही प्रचलित रीत. शब्दकोशात शब्द लावतात तशी. पहिले अक्षर वेगळे निघाले की पुढच्या अक्षरांकडे कोणी बघत नाही. पॅरिसमध्ये भारताच्या लगेच वर, 70व्या क्रमांकावर, लिथुआनिया होता: दोन रौप्य, दोन कांस्य. भारताला आणखी वीस कांस्यपदके मिळाली असती तरी लिथुआनिया वरच राहिला असता. आपल्या खाली 72वर मोल्दोव्हा, एक रौप्य आणि तीन कांस्य. म्हणजे आपले एखादे कांस्य कमी झाले असते तरी आपण 71वेच.

यात कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेचे कांस्य कुठे बसते ते पाहा. 1952मध्ये हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवले. त्यानंतर 72 वर्षांनी मराठी खेळाडूच्या हाती पुन्हा वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आले, 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये, 451.4 गुणांनी. तालिकेच्या लेखी त्याने भारताचा क्रमांक तसूभरही हलला नाही. जी मोजणी असे पदक असले काय नि नसले काय सारखेच मानते, ती बदलली पाहिजे.

मुळात ऑलिम्पिक सनदेच्या 6व्या नियमात स्पष्ट म्हटले आहे की या स्पर्धा खेळाडूंमधल्या आहेत, देशांमधल्या नाहीत. तरी देशवार तक्ते छापले जाणारच. वाचकाला ते हवे असतात आणि त्यात गैर काही नाही. मग निदान मोजणी तरी नीट असावी.

अमेरिकेतली बरीच वृत्तपत्रे एकूण पदकांवर क्रम लावतात. 2008च्या बीजिंगमध्ये स्पर्धा संपल्या तेव्हा चीनची सुवर्णपदके 51 आणि अमेरिकेची 36 होती. एकूण पदकांत मात्र अमेरिका 110 आणि चीन 100. दोन्हीकडच्या वाचकांना आपापला देश पहिला दिसला. एकूण पदकांच्या रीतीत सुवर्ण आणि कांस्य एकाच मापात पडतात, हा दोष उघडच आहे. दुसरा दोष सहज ध्यानात येत नाही. कुस्ती, बॉक्सिंग, ज्युदो, तायक्वांदो यांत प्रत्येक वजनगटात दोन कांस्यपदके देतात. पॅरिसमध्ये कुस्तीचे 18 वजनगट होते, म्हणून सुवर्ण 18, रौप्य 18 आणि कांस्य 36. एकूण संख्येवर क्रम लावला की लढतीच्या खेळांत जोर असलेल्या देशांचे पारडे आपोआप जड होते.

शाळा-महाविद्यालयांच्या मैदानी स्पर्धांत सर्वसाधारण विजेतेपद कसे ठरते? बहुधा 5-3-1 अशा गुणांनी. गुणलेखक प्रत्येक निकालानंतर तक्त्यात आकडे चढवत जातो आणि शेवटच्या रिलेपर्यंत करंडक कोणाचा हे कोणालाच ठाऊक नसते. तोच न्याय इथे लावावा. ऑलिम्पिकसाठी मी सुवर्ण-रौप्य-कांस्याला 4-2-1 असे गुण सुचवतो. 3-2-1मध्ये एक रौप्य आणि एक कांस्य मिळून सुवर्णाची बरोबरी होते, हे सुवर्णावर अन्याय करणारे आहे. 4-2-1मध्ये दोन रौप्यांचे एक सुवर्ण, दोन कांस्यांचे एक रौप्य. तोंडी हिशेब जमतो.

पॅरिसचे आकडे असे मांडले तर अमेरिका (40-44-42) 290 आणि चीन (40-27-24) 238, हे दोघे जागचे हलत नाहीत. पुढे मात्र उलथापालथ होते. यजमान फ्रान्स (16-26-22) पाचव्यावरून तिसरा येतो, 138 गुण. ब्रिटन (14-22-29) सातव्यावरून चौथा, 129. ऑस्ट्रेलिया (18-19-16) 126. जपान (20-12-13) तिसऱ्यावरून सहावा, 117. भारताचे 7 गुण होतात, पाकिस्तानचे 4, लिथुआनियाचे 6. तीन रौप्य आणि पाच कांस्य मिळवणारा तुर्किये 11 गुणांसह आपल्या वरच राहतो, आणि ते योग्यच आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांना राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. 2025च्या उत्तराखंडमधल्या स्पर्धांत सेनादल पहिले आले: 68 सुवर्ण, 26 रौप्य, 27 कांस्य, एकूण 121. महाराष्ट्र दुसरा: 54, 71, 73, एकूण 198. 4-2-1ने सेनादलाचे 351 आणि महाराष्ट्राचे 431 गुण होतात. 3-2-1ने 283 विरुद्ध 377, 5-3-1ने 445 विरुद्ध 556. रौप्याला 2 आणि कांस्याला 1 गुण ठेवून सेनादलाला पुढे आणायचे, तर एका सुवर्णाला जवळपास दहा कांस्यांची किंमत द्यावी लागते. कोणत्याही मैदानावर असा भाव कोणी देत नाही. सेनादलाच्या जवानांची 68 सुवर्णे वादातीत मोठी आहेत. पण महाराष्ट्राची 144 रौप्य-कांस्यपदके केवळ बरोबरी फोडण्यापुरती उरावीत, हे पटत नाही.

याच्याही पुढे जाता येईल, आणि जावे. जागतिक ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धांत पहिल्या आठ क्रमांकांना 8, 7, 6 असे उतरत 1पर्यंत गुण देऊन देशवार तक्ता काढतात. पॅरिसमध्ये भारताचे सहा चौथे क्रमांक होते: नेमबाजीत तीन, बॅडमिंटन, तिरंदाजी आणि भारोत्तोलनात एकेक. मीराबाई चानूने 199 किलो उचलले, कांस्यविजेतीने 200. एका किलोच्या फरकाने पदकतालिकेत मीराबाईच्या खात्यावर शून्य. आठ क्रमांकांच्या तक्त्यात कांस्याला 6 आणि मीराबाईला 5, म्हणजे किलोचा फरक एका गुणाइतकाच राहतो. सहा चौथ्या क्रमांकांचे मिळून 30 गुण होतात, आणि सध्याच्या मोजणीत यातला एकही दिसत नाही.

हा तक्ता करताना लोक अडतात ते बरोबरीत आणि बाद फेरीत. नियम एकच ठेवावा: अडवलेल्या जागांचे गुण एकत्र करून समान वाटायचे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये उंच उडीत कतारचा बार्शिम आणि इटलीचा तांबेरी यांनी सुवर्ण वाटून घेतले, तिथे रौप्य दिलेच गेले नाही. दोघांना (8+7)÷2, म्हणजे साडेसात. कुस्तीतल्या दोन कांस्यविजेत्यांना तिसऱ्या-चौथ्या जागेचे (6+5)÷2, म्हणजे साडेपाच. उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या चौघांचे पाच ते आठ क्रमांक लागले नसतील तर (4+3+2+1)÷4, प्रत्येकी अडीच. याला वेळ लागतो. म्हणून रोजच्या अंकात 4-2-1 आणि समारोपानंतर एकदा आठ क्रमांकांचा पूर्ण तक्ता, हे वृत्तपत्राला झेपण्यासारखे आहे.

लोकसंख्येने भागून क्रम लावण्याची टूम मात्र कृपया उचलू नये. ऐकायला ती न्याय्य वाटते. न्यूझीलंडची लोकसंख्या सुमारे 53 लाख आणि पॅरिसमधली पदके 20, म्हणजे साधारण 2 लाख 65 हजार माणसांमागे एक पदक. आता समजा, पॅरिसच्या 329 स्पर्धांमधली सुवर्ण, रौप्य, कांस्य अशी हजाराहून थोडी अधिक सगळी पदके एकट्या भारताने लुटली. तरी 140 कोटींना भागून 13 लाखांहून अधिक माणसांमागे एकच पदक येते आणि आपण न्यूझीलंडच्या त्या आकड्याच्या मागेच राहतो. देशाला प्रवेशच मोजके असतात: हॉकीत एक संघ, ॲथलेटिक्सच्या वैयक्तिक शर्यतीत फार तर तीन धावपटू. लोकसंख्या कितीही असली तरी मैदानात उतरणारे वाढत नाहीत, मग भागाकार लोकसंख्येने कसा करणार?

गुणपद्धतीनेही सगळे सुटते असे नाही. 1928 ते 1980 या 52 वर्षांत भारतीय हॉकी संघांनी आठ सुवर्णपदके मिळवली. मायकेल फेल्प्सने 2008मध्ये एका ऑलिम्पिकमध्ये आठ मिळवली, कारण जलतरणात एकाच खेळाडूला अनेक स्पर्धांत उतरता येते. आमच्या ग्वाल्हेरच्या स्टेडियमला ज्यांचे नाव आहे त्या कॅप्टन रूपसिंहांनी 1932मध्ये लॉस एंजेलिसला हॉकीत अमेरिकेविरुद्ध दहा गोल केले. तो सामना भारताने 24-1ने जिंकला, जपाननेही अमेरिकेला 9-2ने हरवले, आणि संघ तीनच असल्यामुळे दोन्ही सामने हरलेल्या अमेरिकेला कांस्य मिळाले! यावर गुणाकार-भागाकाराचा उतारा नाही. तक्त्यात ‘किती खेळांत पदके’ असा एक रकाना मात्र वाढवता येईल. पॅरिसमध्ये केनियाची 11 पदके एकट्या ॲथलेटिक्समधली होती. भारताची सहा पदके नेमबाजी, हॉकी, ॲथलेटिक्स आणि कुस्ती अशा चार खेळांतून आली.

शेवटी मांडणीबद्दल. तक्त्याच्या डोक्यावर ‘क्रम 4-2-1 गुणांनुसार’ अशी ओळ असावी आणि सुवर्ण-रौप्य-कांस्याचे आकडे वेगळे छापलेले असावेत, म्हणजे ज्याला जुन्या रीतीने पाहायचे त्याला पाहता येईल. गुण सारखे असतील तर सुवर्णांवर क्रम लावावा. सगळेच सारखे असेल तर क्रमांक एकच द्यावा आणि पुढचा गाळावा: पॅरिसमध्ये पाकिस्तान आणि डॉमिनिका दोघेही 62वे, त्यांच्यानंतरचा तुर्किये 64वा. तिथे 63 छापला की खालची सगळी यादी चुकते. आणि तक्ता कोणत्या तारखेपर्यंतचा हे अवश्य द्यावे. बीजिंगमधली चीनची 51 सुवर्णपदके आज 48 आहेत. तीन महिला भारोत्तोलकांची पदके उत्तेजक चाचणीमुळे 2017मध्ये काढून घेण्यात आली.

आपला,
एक क्रीडाशिक्षक
लष्कर, ग्वाल्हेर